क्लचमध्ये न मावणारं

संबलपूर, ५ नोव्हेंबर २०२४

कीर्तीताई,

पहिलेच कबूल करून टाकतो. तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं होतं अन् माझ्या पँटच्या मागच्या खिशात बसून बसून त्याचा पापड झाला. रोज म्हणतो आज लिहितो. कागद भेटला तर पेन नाही, पेन भेटला तर नरहरीशेठ म्हणते आधी माल उतरव. एक दिवस खरंच बसलो होतो लिहायले. तेवढ्यात बाजूच्या मौत का कुआँवाल्याच्या मोटारसायकलची चेन तुटली. मी नुसता पाहायले गेलो, अन् हातपाय काळे करून अंधार पडल्यावर परतलो. रागावू नको.

फोन लावला असता, पण तो महानदीत पडला (फोटो काढता काढता, दुसरं काय). अन् तुझा फोन आई उचलते, उचलून स्पीकरवर टाकते, मग वरच्या मजल्यावरचे पुंडलिककाकाही ऐकतात. तू पत्र लिहिलं ते बरंच केलं.

आता तुझा सवाल. साखरपुड्यात कमलाकाकूंनी तुले दिल्लीचा डिझायनर क्लच दिला, अन् सांगितलं की शोकेसमध्ये ठेवायले नाही दिला, रोज वापर. तू विचारलं, पराग, तू मेळ्यामेळ्यात पर्स विकतो, सांग, असा क्लच रोजच्या वापरात चालतो का?

तर ऐक. आमच्या दुकानात क्लचची वेगळी रांग आहे. ओरिजिनल नाही, पण चमक ओरिजिनलपेक्षा जास्त. बाई येते, क्लच हातात धरते, आरशात पाहते. त्या टायमाले ती राणी दिसते, खरं सांगतो. मग थोड्या वेळानं तीच बाई परत समोरून जाते. एका हातात चाट, दुसऱ्या हातात पोरगं, अन् क्लच कुठे? नवऱ्याच्या काखेत. सगळ्या मेळ्यात मिशीवाले नवरे चमकीच्या डब्या काखेत दाबून फिरत असतात. म्हणून माझा हिसाब असा, की क्लच त्या बाईसाठी, जिच्यामागे सामान उचलणारं कोणी आहे. त्याले पट्टा नाही, म्हणजे तुझा एक हात त्यानं घेतला.

तुझं तर पावर हाउसच्या स्टँडवरून ऑटो, एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हातात शाळेच्या वह्या. अडचण होईल. पण ताई, सासूनं हौसेनं दिला न? मग वापर न बाप्पा. आपला जुना झोला राहू दे काही दिवस खुंटीले. काय जाते?

मी चाललो कटकले, बालीयात्रेच्या मेळ्यात दुकान लागून राहिलं. पत्ता मागे लिहिला आहे.

पराग

०

चरोदा, भिलाई, १३ नोव्हेंबर

पराग,

काय जाते, असं तू लिहिलंस. श्वास जातो.

पंप मावत नाही त्यात. मी उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. फोन काढला तर कसाबसा बसतो, पण मग वरची कडी लागत नाही आणि पोट फुगलेलं दिसतं. फोन, रुमाल, ऑटोची चिल्लर आणि काकूंनी स्वतःच्या हातानं आत टाकलेली लिपस्टिक, एवढंच त्या क्लचचं जग आहे.

पद्मनाभपुरात, सासरी, कुणालाच माझ्या दम्याचं माहीत नाही. तुला वाटत असेल आईनं सांगितलं असेल. आईनं भय्याजींना, म्हणजे आपल्याच मध्यस्थाला, सांगितलं, "पोरीचा कोठा सर्दीचा आहे." बस. मागचं स्थळ चहा पिता पिता माझ्या हातातला पंप पाहून गेलं, ते आईच्या मनातून जात नाही. ह्या वेळी तिनं देवापुढे माझा हात धरून शपथ घेतली. लग्न होईपर्यंत त्या लोकांसमोर पंप काढायचा नाही.

झोला होता तोवर ठीक होतं. त्याच्या तळाशी वह्यांखाली पंप पडलेला असायचा, कुणाला दिसायचा नाही. दम लागला की "पाणी पिऊन येते" म्हणून बाजूला जायचं. आता काकू दर शनिवारी पावर हाउसच्या बाजारात खरेदीसाठी येतात आणि मला शाळेतूनच घेऊन जातात. पहिलं वाक्य ठरलेलं, "क्लच कुठाय गं? आमच्या घरातल्या बायका झोळ्या लटकवत नाहीत." त्या वाईट नाहीत रे. खूप प्रेमानं बोलतात. प्रेमानंच क्लच उघडतात, आत काय कमी आहे ते पाहतात, कधी पिन टाकतात, कधी अत्तराची शिशी. म्हणजे लपवायलाही जागा नाही.

गेल्या शनिवारी साड्यांच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, नव्या कापडाच्या वासानं छाती आवळायला लागली. पंप घरी. मी पंख्याखाली उभी राहून काठ पाहिल्यासारखं केलं. काकू म्हणाल्या, "किती निवडते ही! चांगली सवय आहे." मी हसले. हसतानाही शिट्टी वाजत होती आत, त्यांना दुकानातल्या गडबडीत ऐकू आली नाही एवढंच.

आता थंडी पडते आहे, कारखान्याचा धूर सकाळी खालीच बसून राहतो. आणि सुमंतचं, म्हणजे लग्नानंतर माझंही, क्वार्टर अहिवाऱ्याला, चुनखडीच्या खाणीजवळ. तो कौतुकानं फोटो दाखवत होता. मी फक्त झाडं पाहत होते. पानं पांढरी होती.

खरं सांगू का, मी तुला का विचारलं? मला वाटलं होतं तू लिहिशील, रोजच्यासाठी अजिबात चालत नाही. मग मी काकूंना म्हटलं असतं, माझा भाऊ ह्याच धंद्यात आहे, तो असं म्हणतो. तू तर वापर म्हणालास.

आता सांग, पंप कुठे ठेवू? येत्या १ तारखेला गडंगनेर आहे. नवरीला लग्नाआधी जेवायला बोलावतात ते. सुमंतच्या सीमाकाकूंकडे, पद्मनाभपुरातच. सगळ्या बायका असतील.

कीर्ती

०

कटक, १९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र वाचलं अन् गिऱ्हाईक समोर उभं असताना मी खाली बसलो. नरहरीशेठ म्हणे, "क्या हुआ बे, घर में कोई गुजर गया क्या?" मी म्हटलं, नाही, अजून नाही. असं कावून निघालं तोंडातून, काय माहीत. तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलं.

मले तुझा पंप कसा सुचला नाही? लहानपणी तूच मले तो हाताळू दिला होता अन् मी तो मुंगळ्यावर मारून पाहिला होता. मुंगळ्याले काही झालं नाही. असो.

मी सारा दिवस विचार केला अन् एक युक्ती निघाली. पंपाचे दोन भाग असतात न? एक पत्र्याची छोटी डबी, ज्यात दवा असते, अन् एक प्लास्टिकचं तोंड. डबी ओढली की निघते. तर डबी क्लचमध्ये टाक. वरून पाहिली तर अत्तराचीच शिशी वाटते, काकूंनी उघडलं तरी काही कळणार नाही. अन् प्लास्टिक साडीच्या निऱ्यांमागे कमरेले खोच. गरज पडली की बाथरूममध्ये जाऊन जोड, मार, परत वेगळं कर. कशी आहे?

एक गोष्ट अजून. सुमंतले सांगून का नाही देत? साखरपुड्यात मी त्याच्या बाजूले बसलो होतो. माझ्या ताटातली जिलबी संपली तर त्यानं आपल्या ताटातली उचलून दिली. असा माणूस पंप पाहून पळत नसते. पण तू म्हणशील जिलबीवरून माणूस कळत नाही. तेही खरं.

इथं महानदीच्या काठी गर्दी एवढी की माणूस पाय उचलतो अन् ठेवायले जागा राहत नाही. काल एक हत्तीचं पिल्लू आलं होतं, त्याचं मी तुले वेगळं लिहीन.

पराग

०

कटक, २२ नोव्हेंबर, घाईत

ताई, ते करू नको. १९ तारखेचं पत्र भेटलं असेल तर फाडून टाक.

आज दुकानात एक बाई आली. तिचं पोरगं गर्दीत हात सोडून गेलं होतं. फोन लावायचा होता अन् फोन क्लचमध्ये. घाबरून तिच्यानं कडी उघडेच ना. ओढून राहिली, नखानं उचकून राहिली, शेवटी क्लच दातात धरला. मी काउंटरवरून उडी मारून उघडून दिला. पोरगं सापडलं, फुगेवाल्यापाशी उभं होतं. पण मी तसाच उभा राहिलो. मले तिच्या जागी तू दिसली. एका हातात डबी, प्लास्टिक कमरेले अडकलेलं, कडी लागलेली, अन् श्वास नाही.

बाथरूमपर्यंत जायले तरी श्वास लागते न ताई. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. अख्खा पंप ठेव, जवळ ठेव, हातात ठेव. लोक पाहतील तर पाहू दे.

स्पीड पोस्टनं पाठवून राहिलो. लवकर भेटो.

पराग

०

चरोदा, २ डिसेंबर

पराग,

तुझं घाईतलं पत्र आज दुपारी आलं. गडंगनेर काल झालं.

तू सांगितलं तसंच केलं होतं मी. डबी क्लचमध्ये, प्लास्टिक कमरेला. निघताना आईनं सगळं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "पराग शिकला नाही, पण अक्कल आहे पोराले." तुझं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून लिहिते.

जेवण छान झालं. मग ओटी भरायला मला पाटावर उभं केलं. सीमाकाकूंनी देवघरात धूप लावला होता, लोबान घालून, आणि दारं थंडी येते म्हणून बंद. ओटी घ्यायची तर पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो. मी विचारलं, क्लच कुठे ठेवू? कमलाकाकू म्हणाल्या, "राहू दे काखेत, फोटोत छान येईल."

सीमाकाकूंनी तांदूळ घातले, नारळ घातला, खण ठेवला. मग त्यांच्या जाऊबाई. मग समोरच्या घरच्या. तोवर छाती बंद व्हायला लागली होती. तुला माहीत आहे ना, ओटी भरलेला पदर सोडायचा नसतो, देवापुढे नेऊनच रिकामा करायचा. मी धरून राहिले. वाटलं, अजून एकच बाई असेल. पण त्या येतच राहिल्या, प्रत्येकीची मूठभर तांदळाची माया, पदर जड होत गेला आणि मी काखेत क्लच दाबून, तोंड मिटून, नाकानं शिट्ट्या वाजवत उभी. सगळ्यांना वाटत होतं नवरी लाजते आहे. एक तर म्हणाली, "कशी लाल झाली बघा!"

मग मी पदर सोडला.

नारळ गडगडत सोफ्याखाली गेला. तांदूळ सगळ्या फरशीवर. क्लचची कडी उघडली, कशी ते आठवत नाही. डबी निघाली. वीस-पंचवीस बायकांसमोर निऱ्यांत हात घालून प्लास्टिक ओढलं, आधी उलटं लावलं, मग सुलटं लागलं. दोनदा मारलं. बाई पाटावर उकिडवी बसून काय करते आहे, कुणाला काही समजेना.

सगळ्यांच्या आधी आई बोलली. "मुखवासाचा स्प्रे आहे तो. नवीन निघाला. मुंबईकडे सगळे जेवणावर मारतात."

मग सुमंतची एक म्हातारी आत्या पुढं सरकली. "मग मलेही मार वं थोडा. वांग्याच्या भाजीनं तोंडाले लसणाचा वास येऊन राहिला."

सगळ्या हसल्या. आई पण हसली, रडल्यासारखी. मी आत्यांना म्हटलं, संपला. त्या नाराज झाल्या.

कमलाकाकू हसल्या नाहीत. त्या खाली बसून हातानं तांदूळ गोळा करत होत्या. मी वाकले तर म्हणाल्या, "तू बस." निघताना त्यांनी क्लच माझ्या हातात दिला, कडी स्वतः लावून, आणि म्हणाल्या, "जप." काय जपू, ते सांगितलं नाही. क्लच? स्वतःला? की तोंड?

आई घरी आल्यापासून म्हणते आहे, कुणाला काही कळलं नाही. बाबा ड्यूटीवरून आले, त्यांनी ऐकलं आणि बूट घालून परत रेल्वेच्या यार्डात गेले.

मले भ्या वाटते पराग. पकडले जाण्याचं वाटते, आणि नाही पकडले तर त्याचंही.

कीर्ती

०

ब्रह्मपूर, ७ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र नरहरीशेठच्या गोदामातून फिरून आलं. तिसऱ्यांदा वाचून राहिलो. ती उलटं लावलेली गोष्ट आली की कागद खाली ठेवतो. युक्ती माझी होती.

आत्याचं वाचून हसलो पण. मग लगेच हसू गेलं, कारण आईचं खोटं चालून गेलं, अन् चालून गेलेलं खोटं लई वाईट. आता त्यावर अजून एक लावावं लागेल. अहिवाऱ्याले रोज सकाळी काय सांगशील, मुखवास?

तू विचारलं होतं अन् मी नीट जवाब दिला नव्हता. आता धंद्यातला माणूस म्हणून लिहून देतो, काकूले दाखव वाटलं तर. क्लच लग्नाले चालते, फोटोले चालते, गाडीतून उतरून गाडीत बसणाऱ्या बाईले चालते. रोजच्यासाठी चालत नाही. ज्या वस्तूपायी आपली गरजेची वस्तू घरी ठेवावी लागते, ती रोजची वस्तू नव्हे. मग ती दिल्लीची असो की माझ्या दुकानातली.

मी सुमंतच्या नावानं एक पोस्टकार्ड लिहिलं होतं. सगळं लिहिलं. डब्ब्यापर्यंत गेलो, अर्धं आत गेलं होतं, परत ओढलं. फाडून टाकलं. हे तुझ्या तोंडून जायले पाहिजे. मी सांगितलं तर तू लपवलं अन् भावानं उघडं केलं असं होईल. तू सांगितलं तर तू सांगितलं.

पण सांग. आईची शपथ आईजवळ राहू दे. शपथेनं छाती मोकळी होत नाही.

मी दोन दिवसात निघायचं म्हणून राहिलो. तिकीट नाही, पण ते होते काहीतरी. मधात एक ठिकाणी उतरायचं आहे, एक दोस्त खाडीत नाव चालवते... नाही, नाही उतरत. सरळ येतो.

पराग

०

चरोदा, १५ डिसेंबर, रविवार

पराग,

सरळ येतो म्हणालास, अजून पोचला नाहीस, म्हणजे नावेत बसलास. हे पत्र ब्रह्मपूरलाच टाकते आहे.

मी सुमंतला सांगितलं. मागच्या सोमवारी. त्याला पावर हाउसला बोलावलं, बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर. तो अहिवाऱ्याहून थेट आला, बुटांवर पांढरी धूळ होती. मी झोला घेऊन गेले होते. बाहेरच्या कप्प्यात पंप, अर्धा बाहेर दिसत होता. शाळेतही आता तसाच नेते.

सगळं एका दमात बोलले. बोलून झाल्यावर खरंच दम लागला आणि मी त्याच्यासमोरच पंप मारला.

तो म्हणाला, "म्हणजे गडंगनेराचा तो मुखवास...?"

"नाही."

तो हसला. मग थांबला. "आत्या मेडिकलवाल्याकडे जाऊन आली, माहीत आहे? तसा स्प्रे द्या म्हणून भांडली."

मग त्यानं बराच वेळ चहाचा ग्लास फिरवला. "हे भय्याजींनी सांगायला पाहिजे होतं."

"त्यांना आईनं सांगितलंच नव्हतं."

"आणि तू?"

मी पंपाचं झाकण लावलं. काय बोलणार? त्यानं आपले बूट पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नकळत बेंच मागे सरकवला, धूळ माझ्याकडे येऊ नये म्हणून. तेवढं मी पाहिलं. जाताना म्हणाला, "घरी मी सांगतो. पण आईला खोटं चालत नाही, कीर्ती. आजार चालेल की नाही माहीत नाही, पण खोटं चालत नाही." गेला. त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही.

मी आईला सांगितलं की सांगून आले. तिनं भाकरी तव्यावर तशीच जळू दिली. "माह्या जिभेचं खोटं मीच फेडलं असतं वं, तुले काय घाई होती?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

भय्याजींचा काल बाबांना फोन आला होता. "उद्या घरी आहात ना? तिकडून काय निरोप मिळतो ते पाहून येतो." एवढंच. तुला आपल्या लोकांची रीत माहीत आहे. नकार घरचा माणूस कधी आणत नाही. नकार मध्यस्थ आणतो, पाणीसुद्धा न पिता उभ्या उभ्या सांगतो, आणि दिलेलं सामान घेऊन जातो. म्हणून आज सकाळपासून घरात चहा झालेला नाही. आई खिडकीशी बसून भय्याजींच्या स्कूटरचा आवाज ऐकते आहे. बाबांनी साखरपुड्याची साडी, अंगठी आणि तो क्लच पेपरमध्ये बांधून सुतळीनं गाठ मारली. गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून परत मारली. मी म्हटलं, मी बांधू का? म्हणाले, "नाही बेटा, तू बस."

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. श्वास हलका झाला, हे खरं. बाकी काही नाही. मला हे लग्न मोडायचं नाही रे. बेंच मागे सरकवणारा माणूस मला पाहिजे आहे. अहिवाऱ्याला त्या पांढऱ्या झाडांखालीसुद्धा. पण पंप खिशात ठेवून. हे दोन्ही मागणं जास्त आहे का, तूच सांग.

थांब. खाली काहीतरी थांबलं. आई म्हणाली, "आला भय्याजी." बाबा गाठोडं घेऊन उठले.

स्कूटर नाही ही. गाडीचं दार लागल्याचा आवाज होता.

पराग, कमलाकाकू आहेत. एकट्या. भय्याजी नाहीत, सुमंत नाही. आपल्या क्वार्टरमध्ये त्या कधी आल्या नव्हत्या. जिन्यात उभ्या राहून आईला विचारत आहेत, "पंचफुलाबाई, कुठला मजला हो तुमचा? आणि हा जिना ही पोरगी रोज चढते कशी?"

आई चहाचं आधण ठेवायला धावली आहे. बाबा गाठोडं हातात घेऊन मधोमध उभे आहेत, कुठे ठेवावं त्यांना समजत नाही. मी दार उघडते.

कीर्ती